पालथा पेला

गाळणीच्या जाळीत अडकलेली मोगऱ्याची एक कळी — सकाळी पांढरीशुभ्र होती, आता चहा सांडल्यासारखी तपकिरी — आम्रपालीने चमच्याच्या टोकाने उचलली, हुंगली आणि तिचा चेहरा पडला. मोगऱ्याचा वास कुठला, नुसता उकडलेल्या पाल्याचा. चुकलंच. व्हिडिओतल्या बाईने दोनदा बजावलं होतं, पाक पूर्ण निवू द्या आणि मगच फुलं घाला. पण हिला कुठला दम निघायला... बाल्कनीतल्या दोन्ही कुंड्या खुडून झालेल्या, घड्याळात पाच वाजून गेलेले आणि पाहुणे सातला येणार.

पाहुणे म्हणजे चाकणच्या कंपनीतली पाच माणसं. अकरा वर्षं एकाच बसने जायचं-यायचं, एकाच कँटीनमध्ये जेवायचं, पण आम्रपालीच्या निगडीच्या घराची पायरी त्यांच्यातलं कुणी चढलं नव्हतं. येऊ की एकदा, असं सगळे म्हणायचे. तारीख विचारली की कुणाची शिफ्ट बदलायची, कुणाच्या मुलाची परीक्षा निघायची. तिने डबा पुढे केला की त्यांच्यातल्या निरंजनचं पोट नेमकं भरलेलं असायचं. भांडावं तर भांडायला कारण सापडत नाही, इतकं सगळं गोड... गेल्या महिन्यात ती क्वालिटीची मॅनेजर झाली आणि त्यांच्यातलीच वर्षाली आपणहून म्हणाली, आता पार्टी हवी हं. जड काही नको, हल्ली घरच्या घरी फुलांचं हलकं ड्रिंक करतात — फुलांचा पाक, लिंबू आणि वरून थंडगार स्पार्कलिंग वाइन. सगळे खूश होतील.

सगळे खूश होतील! या तीन शब्दांपायी ती आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात गेली, ओढणी डोक्यावरून घेऊन, चोरी करायला निघाल्यासारखी. नाशिककडची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागे दडवली. अडतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरात. आणि दडवली कुणापासून, तर बाहत्तर वर्षांच्या आईपासून.

आईपासून? की अण्णांपासून... अण्णा, तिचे वडील, जाऊन सात वर्षं झाली. धम्मपाल, लेथवर तीस वर्षं, पिंपरीच्या एका कारखान्यात. कंपनीच्या वार्षिक जेवणाला घरच्यांनाही बोलवायचे. नऊ वर्षांची आम्रपाली बायकापोरांच्या रांगेतून बघत होती — लांबलचक टेबल, पांढरी चादर, प्रत्येकापुढे काचेचा पेला. बाटल्या अजून उघडल्याही नव्हत्या आणि अण्णांनी आपला पेला उचलून शांतपणे पालथा घातला. टक्. एवढाच आवाज, पण तिची मान ताठ झाली होती. माझे अण्णा पाचवं शील पाळतात, नशा करत नाहीत, हे ती दुसऱ्या दिवशी शाळेत सांगत सुटली होती. तेव्हापासून कुठल्याही पार्टीत तिच्या पुढ्यात पेला आला की हात आपोआप जातो. टक्. आजही तेच करणार होती ती. त्यांना पाजायचं आणि आपला पालथा घालायचा... मग संध्याकाळी आईच्या मागोमाग पाचवं शील म्हणायचं ते कुठल्या तोंडाने?

दुसरा पाक करायचा तर फुलं नव्हती. नव्हती कशी — होती. फ्रिजमध्ये ओल्या फडक्याखाली स्टीलची वाटी, त्यात आईने संध्याकाळच्या वंदनेसाठी निवडून ठेवलेला टपोरा मोगरा. आई खाली बागेत फिरायला गेली होती. आम्रपालीने फडकं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं... आणि वाटी नव्याने करून निववलेल्या पाकात उपडी केली.

हा पाक मात्र साधला. तासाभराने गाळला तर स्वयंपाकघरभर घमघमाट. पण तो वास नाकात शिरला तशी तिने रिकामी वाटी फडक्याखाली झाकून फ्रिजमध्ये परत ठेवली. लिंबं पिळली, काकडीच्या पातळ चकत्या केल्या, सहा ग्लास धुऊन पंचावर निथळत ठेवले. तीनदा जाऊन दार बघून आली. पावणेसातला फोन थरथरला. निरंजन. पोट बिघडलंय, सॉरी, नेक्स्ट टाइम नक्की. म्हणजे चार. चार तरी येतील ना?

तेवढ्यात मंजुळाबाई, तिची आई, फिरून आल्या. चप्पल काढली, हातपाय धुतले, फ्रिज उघडला. रिकामी वाटी पाहिली. इडलीच्या पिठामागे हात घालून वर्तमानपत्राचं भेंडोळं थोडं बाजूला केलं, पाहिलं आणि जिथल्या तिथे ठेवलं. बोल ना आई, एकदाचं बोल आणि मोकळी हो.

आईचं लक्ष पंचाकडे गेलं. सहा ग्लास ओळीने पालथे.

"तुझ्या बापावाणी," ती म्हणाली.

"अण्णांना वाईट वाटलं असतं, माहितेय मला."

"तुला काय माहित्येय?" आई स्टूल ओढून बसली. तिचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या साली नव्हता त्यांनी पेला पालथा घातला. टेबलावरचे एकमेकांला भरत आले, ह्यांच्यापाशी आले आन् ह्यांना सोडून पुढच्याकडं गेले. ह्यांना नकोच होती, नाही म्हणायचं घरनंच ठरवून गेले होते. पर नाही म्हणायची पाळीबी येऊ दिली नाही कुणी. दुसऱ्या सालापासून मग बाटली यायच्या आधीच पालथा."

तिने वाटी धुतली, तीत नुसतं स्वच्छ पाणी भरलं आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे नेऊन ठेवली. मेणबत्ती लावली.

आम्रपाली ओट्याला टेकून उभी राहिली. टक्. तो आवाज एकोणतीस वर्षं तिने अंगावर दागिन्यासारखा वागवला होता, आणि आता... अण्णा, माझी मान ताठ झाली तेव्हा तुमची कशी होती हो? मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी नुसता पेला बघितला.

तिने एक ग्लास सुलटा केला. त्यात दोन चमचे पाक, लिंबू, काकडीची चकती, वरून साधा सोडा. बुडबुडे सरसरत वर आले. ग्लास घेऊन ती आईसमोर उभी राहिली.

"आई, देऊ का तुला? सोडाच आहे."

"नको गं बाई, दात शिवशिवतात माझे."

किती सहज म्हणाली नको. आम्रपालीचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. मग अण्णांचा आला, मग निरंजनच्या त्या बिघडलेल्या पोटाचा. आणि हा शेवटचा राग काही केल्या खाली बसेना. दिवसभर ती आईला भीत होती, शीलाला भीत होती. आता दोन्हींची भीती नव्हती. आता भीती एवढीच, की ते आले तरी या घरचं काही तोंडाला लावतील का...

तिने उरलेले ग्लासही सुलटे केले. आपला सहावा हातात घेतला तेव्हा बोटं सवयीने वळायला लागली. तिने ती जोर लावून थांबवली. असू दे उघडाच. मला कुणीतरी विचारावं. मी नाहीच म्हणणार आहे, पण विचारावं.

ओट्यावर फोन पुन्हा थरथरला. ग्लास हातात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.