मन्मथप्पांनी मला हळद पाजली

मित्रांनो, मी नेकनूरची एक जुनी व्हॅन आहे. माझा रंग पांढरा होता म्हणतात. आता त्याबद्दल न बोललेलं बरं. डावा दरवाजा आतून उघडत नाही आणि हॉर्न मनात आलं तरच वाजतो. पण हसू नका. मीही कधीकाळी कारखान्यातून कोरी करकरीत बाहेर पडले होते. मन्मथप्पांनी मला दारात आणलं, तेव्हा उमाबाईंनी चाकांवर पाणी घालून मला ओवाळलं आणि काचेखाली तीन बोटं भस्म ओढलं. त्या दिवशी मी काय मिरवले म्हणून सांगू!

मन्मथप्पांचं किराणा दुकान आहे. साखरेची पोती, तेलाचे डबे, आठवडी बाजारचा माल, सगळं मी वाहिलं. कपिलधारच्या यात्रेला उमाबाई गल्लीतल्या बायका माझ्यात अशा कोंबायच्या की दार बाहेरून ढकलून लावावं लागायचं. "गाडी नव्हं, लेक हाय माझी," मन्मथप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे. कौतुक कुणाला आवडत नाही? मीही सुखावायचे.

मग उमाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना बीडला न्यायचं, यंत्रावर रक्त धुवून घ्यायचं आणि परत आणायचं. यंत्राची एक खेप चुकली तर अंगात पाणी साठेल आणि श्वास कोंडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्यांना पाणीही मोजून. दिवसाला एक लहान बाटली, बस्स! भर उन्हाळ्यात, आमच्या बीड जिल्ह्यात! तहान लागली की त्या ओठ ओले करायच्या आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायच्या.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात मी गळायला लागले.

इंजिन तापू नये म्हणून आमच्या पोटात पाणी फिरत असतं. पुढच्या रेडिएटरमध्ये ते गार होतं आणि पाइपांतून पुन्हा इंजिनाकडे जातं. माझं पाणी रोज कमी व्हायचं, पण सकाळी खाली बघावं तर जमीन कोरडी ठणठणीत. सगळे म्हणाले, रेडिएटरच फुटला असणार. मला ठाऊक होतं, दुखणं तिथं नव्हतं. सीटखाली, इंजिनाच्या मागच्या वळणावर रबरी पाइपाला चीर गेली होती. मी गार असले की ती मिटायची. तापले की आतला दाब वाढून उघडायची, आणि गळालेलं पाणी गरम इंजिनावर तिथल्या तिथं वाफ होऊन जायचं. पण आम्हा गाड्यांना तोंड कुठं असतं?

बीडच्या रामेश्वर मिस्तरीनं मन्मथप्पांना नीट सांगितलं होतं. "आप्पा, एक दिवस गाडी ठिवा माझ्याकडं. कुठून गळतंय ते बघावं लागंल."

"एक दिवस? आन् तिला काय झालं तर कशात नेऊ?"

"वैनी यंत्रावर असत्यात तेवढा वेळ तरी द्या की! नुसती झाडाखाली उभी ऱ्हाती गाडी."

"न्हाई बाबा. मधीच बोलावलं, दुसऱ्या दवाखान्यात न्या म्हणाले, तर गाडी हाताशी पायजे."

किती हा जीव! त्या भल्या माणसानं बायकोच्या काळजीपोटी मला दवाखान्याच्या आवारातून हलू दिलं नाही. मी लिंबाखाली तासन् तास रिकामी उभी राहायचे. गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं.

पुढं कुणीतरी त्यांना इलाज सांगितला, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक बुजतं. किराणा दुकानदाराला हळदीची काय कमी? त्यांनी ओंजळभर हळद माझ्या पोटात ओतली. त्यांचा मुलगा महांतेश म्हणाला, "आप्पा, मिस्तरीला विचारून टाकलं असतं."

"कावून? हळद कुणाचं वाईट करती का? जखमेला लावतो, दुधात पितो."

पहिले काही दिवस गळती खरंच थांबली. मन्मथप्पा सगळ्या गल्लीला सांगत सुटले. मी पुन्हा गळायला लागले की आणखी टाकायचे. त्यात आमचं पाणी बोरचं, खारं. भांड्यावर पांढरा थर बसवणारं. हळद आणि तो क्षार मिळून रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये चिखल झाला. चीर तशीच होती, आणि आता पाणी गार होण्याची वाटही बुजली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मे महिन्यात, उमाबाईंच्या यंत्राच्या दिवशी, घाट उतरायच्या आधीच मांजरसुंब्याच्या अलीकडे माझा तापमानाचा काटा वर जाऊन टेकला. पुढून वाफ उसळली. घाईत मन्मथप्पांनी झाकण उघडलं आणि हात पोळून घेतला. कॅनमध्ये बरोबर घेतलेलं पाणी वाटेतच मला पाजून संपलं होतं.

उमाबाईंनी आपली बाटली पुढं केली. "घ्या, हिला घाला. मला बंदी, हिला लई तहान."

"अगं, तुझं पाणी हाय ते."

"घाला म्हणते ना. पोचलो तर बरं."

ते पाणी मी प्याले. काय उपयोग? आत चिखल माजलेला. मी जागची हलले नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझीच शरम वाटली. रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. बऱ्याच वेळानं एक टेम्पो थांबला. त्यात बसून ते बीडला पोचले, तोवर त्यांची वेळ निघून गेली होती आणि यंत्र दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. उमाबाईंना ठेवून घेतलं, सकाळी लावू म्हणाले. सकाळपर्यंत छातीत पाणी भरलं.

मला ओढत रामेश्वरच्या गॅरेजात आणलं गेलं. आता त्याला हवा तेवढा वेळ होता. त्यानं आधी काहीच खोललं नाही. मला थंड होऊ दिलं, पाणी भरलं, रेडिएटरच्या तोंडाला हवेचा हातपंप लावला आणि दाब देत कान लावून बसला. मग सीट उचलली. मागच्या वळणावरून पिवळ्या पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. त्यानं पाइप बदलला, रेडिएटर उतरवून नळ्या तारेनं घासल्या आणि पिवळा चिखल घमेल्यात काढला. मी तापूनही वाचले होते, म्हणून तो खुशीत होता.

तेवढ्यात महांतेश दारात आला. रामेश्वर चिरलेला पाइप नाचवत ओरडला, "सापडलं बे! हे बघ, वीतभर रबर! रेडिएटर फुटलाच नव्हता!"

महांतेशनं पाइप त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवला. "आई गेली," तो म्हणाला. "शेवटाला डॉक्टर म्हणले, पाणी द्या, पायजे तेवढं द्या. तिला गिळताच येईना."

रामेश्वरनं फडक्याला हात पुसले. मग माझ्यात खाऱ्या पाण्याऐवजी काठोकाठ कूलंट भरलं.

आमचं घर लिंगायत, आणि लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून निरोप देतात. उमाबाईंना माझ्या मागच्या सीटवर बसवलं, एका बाजूला मन्मथप्पा, दुसरीकडे त्यांची सून रुद्राणी. महांतेश माझं चाक धरून होता. घाट चढताना मी नेहमी धापा टाकायचे. त्या दिवशी काटा मधल्या रेघेवरून हलला नाही.

"काटा कुठं हाय रे?" मन्मथप्पांनी विचारलं.

"जागेवर हाय, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पोळलेल्या हातानं तोंड झाकून लहान पोरासारखे रडले.

मित्रांनो, माणूस असो की गाडी, गळती दिसली की वरून बुजवू नका. थांबा, शोधा, वेळ द्या. माया लई असली तरी तिनं पाइप जोडला जात नाही. मी आता ठणठणीत आहे, थेंबभर पाणी गळत नाही. माल आणते, बाजार करते. बीडच्या दवाखान्यात मात्र आता कुणाला न्यायचं नसतं.