दाराजवळची एकटी सीट

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. पण ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या थांब्यांवर रोज धावणाऱ्या बसगाड्यांतली मी नव्हे. मी सहलीची बस. लोक मला ड्रायव्हरसकट भाड्याने नेत. कामावर जायचं म्हणून माझ्यात कधी कोणी चढलं नाही. जे चढले ते सुट्टी काढून, ठेवणीतले कपडे घालून, हसतच चढले. असं नशीब सगळ्याच गाड्यांच्या वाट्याला येत नाही, हे मला आता कळतं.

कारखान्यात माझा नुसता सांगाडा आणि इंजिन तयार झालं. बाकीची मी घडले ती एका पत्र्याच्या शेडमध्ये. गादीवाल्याने माझ्या सीटांना निळं रेक्झीन चढवलं आणि रंगाऱ्याने दोन्ही अंगांना पिवळा पट्टा ओढला. पट्टा मागे जाता जाता जरा खाली उतरला होता. रंगारी म्हणाला, "धावत्या गाडीचा पट्टा कोण बघतंय?" पण आमच्या मालकीणबाईंची नजर मोठी कडक. त्यांनी तो पुसून पुन्हा ओढून घेतला. त्यांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक टेलिफोन आणि भिंतीवर माझा फोटो. गाडी ठरवायला फोन आला की त्या आधी विचारत, "म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत का बरोबर?" पैशाची गोष्ट त्यानंतर.

मला चालवायला त्यांनी ज्यांना नेमलं, त्यांना सगळे काका म्हणत. बोलणं बेताचं, स्वभाव लोण्याचा, पण ब्रेकच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. सकाळी माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "चल बाई, लोक वाट बघतायत." त्या थापेने थंडीतसुद्धा माझं इंजिन एका दमात सुरू व्हायचं.

काय काय सहली केल्या आम्ही! शाळेची मुलं, बँकेतले कारकून, भजनी आवाजात बेसूर गाणारे पेन्शनर, लग्नाची वऱ्हाडं. शहराची वेस ओलांडेपर्यंत सगळे शहाण्यासारखे बसत. मग कोणीतरी मागच्या लांब सीटवरून पहिलं गाणं सुरू करायचं आणि माझ्या खिडक्यासुद्धा ठेका धरायच्या. खिडकीच्या जागेवरून रुसवेफुगवे व्हायचे. डबे उघडले की ते विसरले जायचे. लोक तळ्याकाठी, डोंगरावर, बागेत मजा करत आणि काका माझ्या मागच्या सीटवर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडत. जगभराची सहल त्यांच्यामुळे व्हायची. त्यांची स्वतःची तेवढी राहून जायची.

काकांची एक पद्धत होती. परत निघताना ते डोकी मोजत नसत. "मोजायला गेलं की डोकी हलतात," असं त्यांचं म्हणणं. ते स्टिअरिंगवर बसत, समोरच्या मोठ्या आरशात बघत आणि मोठ्याने विचारत, "शेजारी बघा. आहे का?" मग जो तो आपल्या शेजाऱ्याकडे बघायचा आणि सगळी गाडी एका सुरात ओरडायची, "आहे!" एवढं झालं की आम्ही निघायचो. या पद्धतीने माझ्या आयुष्यात एकही प्रवासी मागे राहिला नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि यातच पुढचं दुःख आहे.

काकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, नेहमी म्हणायच्या, "अहो, साऱ्या दुनियेला हिंडवून आणता, मला कधी नेणार?" काका म्हणायचे, "नेतो गं." एकदा शिलाईच्या कारखान्यातल्या बायकांनी मला तळ्याच्या सहलीसाठी ठरवलं. मोठ्या दिलाच्या बायका त्या. दाराजवळची एकटी सीट रिकामी आहे हे पाहून त्यांच्या पुढारीणबाई म्हणाल्या, "काका, काकूंना घेऊन या की. आम्हाला काय जड आहेत?"

त्या दिवशी काकू केसांत फूल माळून त्या एकट्या सीटवर बसल्या. वाटेत काकांना पाण्याची बाटली दे, रस्त्यावरची झाडं दाखव, असं चाललं होतं. काका त्या दिवशी शीळ घालत गाडी चालवत होते. मी त्यांची शीळ तोपर्यंत ऐकलीच नव्हती.

तळ्याकाठी काकूंची सगळ्यांशी गट्टी जमली. संध्याकाळी निघायची घाई झाली. कोणीतरी गुंडाळलेल्या सतरंज्या आणि चहाचा मोठा थर्मास त्या एकट्या सीटवर रचून ठेवला. काकांना वाटलं, काकू मागे मैत्रिणींत बसल्या. बायकांना वाटलं, काकू पुढे नवऱ्याजवळ. काकांनी आरशात बघून विचारलं, "शेजारी बघा. आहे का?" सगळ्या ओरडल्या, "आहे!" कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकीची शेजारीण जागेवर होती. मला त्या सीटवर सतरंज्या आहेत हे कळत होतं, पण मित्रांनो, मला हॉर्नशिवाय वाचा नाही आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

बरंच अंतर गेल्यावर काकांनी सवयीने हात बाजूला केला. "अगं, पाणी दे जरा." हात तसाच राहिला.

त्यांनी मला त्या अरुंद रस्त्यावर वळवलं ते मला अजून आठवतं. तळं जवळ आलं तशा बायका खिडक्यांतून बाहेर शोधू लागल्या. काकू तळ्याच्या पायरीवर बसल्या होत्या, हातातली पिशवी पोटाशी धरून. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. बायकांनी सतरंज्या उचलल्या, काकू जागेवर बसल्या आणि खालच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "प्रवासी असते तर विसरला नसता. बायको म्हणून राहिले."

त्यानंतर काकू माझ्यात कधी चढल्या नाहीत. काकांनी पुष्कळदा बोलावलं. "घरी काम आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरात सगळं सुरळीत होतं म्हणे. रोजचा डबा वेळेवर मिळायचा. पण काकांनी एक केलं. स्टिअरिंगजवळ त्यांनी एक छोटा गोल आरसा बसवून घेतला, ज्यात दाराजवळची एकटी सीट दिसायची. रोज सकाळी तो आरसा सगळ्यांत आधी पुसला जायचा. त्या सीटवर ते कोणाला पिशवीसुद्धा ठेवू देत नसत. लोक म्हणत, काका विक्षिप्त आहेत. मी ऐकून घ्यायचे.

दिवस कोणासाठी थांबतात? थंड हवेच्या, काळ्या काचांच्या नव्या गाड्या आल्या. फोनवर लोक विचारू लागले, "एसी आहे ना?" माझ्या सीटांचं रेक्झीन फाटलं, पिवळा पट्टा विटला. मी गॅरेजच्या मागे उभी राहू लागले आणि चिमण्यांनी माझ्या कॅरियरवर घरटं केलं. शेवटी एका रोपवाटिकेच्या माळ्याने मला मागून घेतलं. काकाही त्याच सुमारास निवृत्त होत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्हीच पोचवा हिला. दुसऱ्याच्या हातून जायला नको."

त्या सकाळी काकांनी मला रोपवाटिकेकडे न नेता आधी आपल्या घराच्या गल्लीशी उभं केलं. काकू दोरीवर कपडे वाळत घालत होत्या.

"येतेस? हिला पोचवायचंय. येताना चालत येऊ."

"घरी काम आहे."

काका खाली उतरले, माझं दार उघडलं आणि ती एकटी सीट रुमालाने पुसू लागले. नेहमीसारखीच, सावकाश. मला वाटत होतं, आता नाही चढल्या तर पुन्हा कधीच नाही.

काकू पदराला हात पुसत दारापाशी आल्या. आत डोकावल्या, तर समोरच्या गोल आरशात त्यांचाच चेहरा.

"हा कधी बसवला?"

"तळ्याहून आल्यावर."

"बोलला नाहीत ते."

"बोलून काय? दारापाशी आल्याशिवाय दिसत नाही तो."

काकूंनी आरशाकडे पाहिलं, मग रिकाम्या सीटकडे. "आणि एवढी वर्षं यात काय बघत होता?"

"हीच सीट."

काकू पायरी चढून वर आल्या आणि बसल्या. काकांनी स्टिअरिंग धरलं आणि सवयीने मोठ्याने विचारलं, "शेजारी बघा. आहे का?"

"मला काय विचारता?" काकू म्हणाल्या. "आज तुम्ही बघा."

काकांनी मोठ्या आरशात पाहिलं नाही, छोट्यातही नाही. मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, "आहे."

तेव्हापासून मी इथे रोपवाटिकेत आहे. माझ्या निळ्या सीटांवर आता रोपांच्या पिशव्या जोडीजोडीने बसतात, आणि माळी त्यांना खिडकीची जागा देतो. मित्रांनो, सहलीला गेलात तर परतताना शेजारी बघाच. पण जो तुम्हाला घेऊन जातो, त्याच्या शेजारी कोण आहे हेही एकदा बघा. आणि जी माणसं असणारच असं आपण धरून चालतो, त्यांच्याकडे नुसतं आरशातून बघू नका.

काका आणि काकू अधूनमधून चालत इकडे येतात. पाऊस असो की ऊन, दाराजवळच्या एकट्या सीटवर माळी एकही रोप ठेवत नाही. काकांनी त्याला सांगून ठेवलं आहे, ती जागा धरलेली आहे.