करकर कोणाची?

मित्रांनो, नडियादच्या एका घरात छताच्या दोन कड्यांना लटकलेला मी एक जुना सागवानी झोपाळा. संखेड्याच्या कारागिराने मला लाखेच्या लाल-सोनेरी रंगात मढवले, तेव्हापासून मला एक खोड आहे. माझ्यावर टेकलेला माणूस मनात काय घेऊन आला असेल, याचे मला भारी कुतूहल!

या घरात लग्ने माझ्यावर ठरली, रुसवे माझ्यावर निघाले. घरमालक भद्रेशभाईंची पंधरा वर्षांची मुलगी हेतवी तर खाखरा कुरतडत माझ्यावरच धडे पाठ करायची. पाहुणे माझा रंग वाखाणत. कड्यांना तेल घालायचे मात्र सगळे विसरले आणि मी करकरू लागलो.

एकदा हेतवी बसली नि मी करकरलो. भद्रेशभाई हसून म्हणाले, "हळू गं, छत खाली येईल!" सगळे हसले, तीही हसली. मग ती बसली की हा विनोद ठरलेलाच. तिला गरब्याच्या सरावाला न्यायला येणाऱ्या मैत्रिणींनी तो ऐकला आणि मैदानावर नेला. हेतवी फेरात शिरली की कोणीतरी हळूच 'कर्र' करायची.

ती माझ्यावर बसेनाशी झाली. सराव सुटला, नवी चणियाचोळी कपाटातच राहिली, ताटात रोटली उरू लागली. घरचे म्हणाले, अभ्यासाचा ताण. मला नवल वाटे. अख्खे घर पेलतो मी, मग एवढासा विनोद या मुलीला इतका जड कसा झाला?

नवरात्र तोंडावर आले तेव्हा क्रिनल तिला बोलवायला आली. ही काडीपैलवान मैत्रीणही 'कर्र' करणाऱ्यांतलीच. हेतवी बाहेर येईना, म्हणून ती माझ्यावर टेकली. मी करकरलो. ती दचकून उठली, पुन्हा बसली. पुन्हा तेच. हेतवी दारात उभी होती.

"हा तर मी बसले तरी वाजतो गं," क्रिनल पुटपुटली.

"माहितीये. वाऱ्याने हलला तरी वाजतो. पण तुम्ही सगळे मलाच हसत होतात, मग मलाही तेच खरं वाटायला लागलं."

कोपऱ्यात वाचत बसलेल्या भद्रेशभाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवले. शिलाई मशीनचे तेल आणून ते स्टुलावर चढले. "तेल घालायचं सोडून मी हसत बसलो. चुकलंच माझं, बेटा," ते वरूनच म्हणाले.

त्या वर्षी हेतवी गरब्याला गेली, क्रिनलचा हात धरून. माझ्यावरही बसते आता. पण मित्रांनो, घरात काही करकरले तर बसणाऱ्याला हसण्याआधी एकदा वर कडीकडे बघा. मी कधीचा गप्प झालो आहे, तरी हेतवी अजून बसताना क्षणभर थांबते आणि कान देते.