डाव्या खिशावरचं प्रेम

शिंपीमास्तरांसारखं काज पंचक्रोशीत कुणाला जमत नाही, हे मास्तर स्वतःच सांगत. एवढं महत्त्वाचं काम दुसऱ्यावर सोपवायला ते काही आळशी नव्हते. काज म्हणजे बटणाचं भोक हो. पण मास्तरांसमोर भोक म्हणालात तर संपलंच! इतकं रेखीव, इतकं घट्ट, की बटण घालताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

तर या मास्तरांना सेवेचा झटका आला. वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना नवे सदरे, नवे गाऊन, तेही फुकट. "पैशासाठी नाही हो, प्रेमापोटी," असं ते गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता ऐकवत. आता प्रेम केलं आणि कुणाला दिसलंच नाही, तर काय उपयोग? म्हणून प्रत्येक डाव्या खिशावर लाल रेशमानं भरलं: 'मास्तरांकडून सप्रेम भेट'. खिसाच मुळी त्या अक्षरांच्या मापानं बेतला होता.

घरी थोरली बहीण होती, आक्का. आई गेल्यावर तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. सुईत दोरा ओवायलाही तिनंच शिकवलं. आता संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली होती. रोज सकाळी ती गाऊनच्या बटणांशी झटापट करायची आणि हरली की गळ्याशी कापड आवळून दुकानाच्या दारात येऊन उभी राहायची.

"अरे, एवढं लावून दे रे."

"आलोच," मास्तर म्हणत. मशीन काही थांबत नसे.

"नाहीतर याला ती चपलेला असते तशी, चर्र उघडणारी चिकटपट्टी तरी लावून दे बाबा. माझं मी करीन."

"चिकटपट्टी? माझ्या घरात? आक्का, लोक तोंडात शेण घालतील! आणि आधी आश्रमाचं होऊ दे. म्हातारी माणसं वाट बघतायत गं."

आक्काही म्हातारीच होती आणि वाटच बघत होती. पण ती पडली घरातली.

कपडे वाटून झाले. मग कौतुकाचा दिवस ठरला. आश्रमाला उगाच त्रास नको, म्हणून फोटोवाला मास्तरांनीच नेला. भावाचं कौतुक बघायला आक्कालाही नेलं.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि मास्तरांचा चेहरा उतरला. झाडून सगळे सदरे उलटे घातलेले! शिवणी बाहेर, रेशीम आत.

"राग मानू नका," एक आजोबा म्हणाले. "आमच्या पंख्यावरही देणाऱ्याचं नाव आहे. पण पंख्याला लाज नसते."

व्यवस्थापकबाईंनी सावरून घेतलं. "काजं मात्र सुंदर हो, मास्तर! इथं एकालाही बटणं लावता येत नाहीत, म्हणून आमची मदतनीस रोज सगळ्यांची लावून देते."

"रोज?" आक्कानं विचारलं.

"रोज. हाकसुद्धा मारावी लागत नाही."

आक्का भावाकडे वळली. "मला इथंच ठेव."

"वेड लागलं का तुला?"

"वेड कसलं? इथं कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आणि तूही भेटशील. इथल्यांसाठी तुला वेळ असतो."

"मास्तर, जरा हसा की," फोटोवाला म्हणाला.

आक्का घरी आली ती पिशवी भरायलाच. मास्तर तिच्या खोलीच्या दारात घुटमळले. शेवटी दोरीवरचा तिचा गाऊन ओढून ते मशीनवर बसले. स्वतःची काजं उसवताना त्यांच्या जिवावर आलं. खोटं कशाला सांगा, आक्काइतकंच काजांसाठीही वाईट वाटलं. पण पिशवीची कुरकुर ऐकू आली की हात भरभर चालत. ज्या पट्टीला जन्मभर नावं ठेवली, तीच त्यांनी सरळ रेषेत बसवली आणि गाऊन मुकाट्यानं आत नेऊन दिला.

आतून आवाज आला. चर्र. मग पुन्हा चर्र. मग उगाचच आणखी एकदा.

आक्का बाहेर आली. दोन्ही हात मोकळे होते. तिनं डावा खिसा चाचपला.

"नाव नाही घातलंस?"

मास्तरांनी मान हलवली. डोळे भरले होते, म्हणून त्यांनी मशीनला तेल घालायचं नाटक केलं.

आक्कानं पिशवीतले कपडे काढून परत कपाटात ठेवले.

"आता त्या सगळ्यांचे सदरे घेऊन ये," ती म्हणाली. "आणि हो, फोटोवाल्याला नेऊ नकोस."