पाइपच्या तोंडाला कापड नव्हतं

मी मरळ बोलतेय. रोहू-कटल्यासारखी पाळलेली नव्हे, नाल्यातली. माशांना राग येत नाही असं माणसं म्हणतात. म्हणू देत.

शिंदखेड्याकडच्या एका नाल्याच्या डोहात मी जन्मले. आम्ही लाल पिल्लं घोळक्याने पाण्यावर यायचो आणि खालून आई पहारा द्यायची. एका सकाळी पितांबर आला. गळ टाकून बसायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने डोहात ब्लीचिंग पावडर ओतली. मासे उलटे होऊन वर आले, माझी आईही. तिला त्याने पिशवीत कोंबलं. माझी भावंडं तशीच कुजली. मी तेवढी काठातून झिरपणाऱ्या ताज्या पाण्यात वाचले. तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही.

पुढच्या महिन्यात त्यानेच मला घरी नेलं! त्याने शेतात मासे पाळायला तळं खोदलं होतं आणि नाल्याचं पाणी पंपाने चढवत होता.

त्याची बायको कोकिळा म्हणाली, "पाइपना तोंडले कापड बांधा ना. नालामाईन काय बी येई."

"सकाय बांधसू," तो म्हणाला.

त्याची सकाळ उगवलीच नाही. बोटभर मी पाइपातून थेट तळ्यात पडले.

कोकिळा मत्स्यपालनाचं शिकून आली होती. खाणारी तोंडं वाढताहेत, जमीन तेवढीच आहे, पण एवढ्याशा तळ्यातही गावाला पुरेल इतका मासा होतो, हे तिने मनावर घेतलं होतं. गावात यायचा तो बर्फातला शिळा मासा. तिला पोरांच्या ताटात ताजा मासा वाढायचा होता. तिने बीजवाल्या भाईदासकडून रोहू-कटल्याचं दीड हजार बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडलं, तोवर मी वीतभर झाले होते.

ती रोज कोंडा-पेंड टाकायची. पिल्लं पेंड खायची, मी पिल्लं खायची. भूक नसली तरी खायची. प्रत्येक घासाला आई आठवायची आणि घास गोड लागायचा.

होळीनंतर जाळं ओढलं. पाच-पंचवीस मासे निघाले, बस्स.

"बगळास्नी खादं! नही ते भाईदासनी मरेल बीज दिधं!" पितांबर ओरडला.

मग जाळ्यात मी दिसले, हातभर लांब आणि चांगली गुबगुबीत.

कोकिळाने मला जाळ्यातून उचललं. मरळ पाळलेल्या माशांची पिल्लं फस्त करते, हे ती शिकून आली होती. "नालामा पावडर तुमीन टाकी, कापड तुमीन बांधं नही. आते बगळास्ले कसाले बोलतस?" तो खाली मान घालून उभा राहिला. ती मान बघायलाच मी इतके महिने जगले होते.

आता मी पातेल्यात आहे आणि चूल पेटली आहे. कोकिळाअक्का, सूड त्याच्यावर होता, पण पोरांचा घास तुझ्या हातून गेला. तुझी माफी मागते. पुढच्या खेपेला कापड तूच बांध. त्याला मात्र माफी नाही.

मरळीत काटे कमी, म्हणून माणसांना ती आवडते. पण एखादा असतोच. पितांबर, सांभाळून खा.