अनसूया शेतखान्यात आहे

आमच्या लाईनीत प्रत्येक क्वार्टरच्या दाराशी एक खुंटी, अन् खुंटीला तांब्या. खुंटी रिकामी दिसली की समजायचं, घरातलं माणूस शेतखान्यात गेलंय. शेतखाना म्हणजे शेत नव्हे गं! लाईनीच्या मागे, कडुनिंबापलीकडे, पत्र्याच्या दारांच्या संडासांची ओळ होती, अख्ख्या लाईनीला मिळून. लाईनीतले तात्यासाहेब म्हणायचे, मूळ शब्द सेहतखाना, तब्येत सांभाळायची जागा. असेल. पण त्या शब्दाची खरी ताकद आम्हा बायकांनाच ठाऊक. 'वहिनी शेतखान्यात आहेत' म्हटलं की कितीही मोठा साहेब असो, मान खाली घालून परत फिरायचा. कधी येतील, हे विचारायचीसुद्धा सोय नाही.

तर आमच्या गावातली राजधानी भोपाळला गेली, तेव्हाची गोष्ट. दफ्तरं गेली, बाबू गेले, खुर्च्यासुद्धा मालगाडीत बसून गेल्या. शेजारच्या अनसूयेचा नवरा श्रीपाद, तोही गेला. तिथे घरं कुठली? बिचारा चौघांच्या खोलीत पाय दाराबाहेर काढून झोपायचा, अन् येणारेजाणारे त्याच्या अंगठ्याला पिशव्या अडकवायचे. हसू नकोस, त्यानेच पत्रात लिहिलं होतं. बरं, लिहिलं नसेल, पण तसंच होतं.

इकडे अनसूयेचे दिवस भरत आलेले. माहेरी कोणी उरलं नव्हतं. अन् क्वार्टर पडलं सरकारी. बाबूची बदली झाली की खाली करायचं.

"राजावहिनी, हे पोट घेऊन मी जाऊ तरी कुठे?" ती रडायला लागली.

"कुठे म्हणजे? शेतखान्यात," मी म्हटलं. "बाळ होईपर्यंत तू तिथेच."

"अगंबाई!"

"अगं, खरोखर नाही! तू आपली रजईत पडून राहा. तुझा तांब्या तेवढा माझ्याकडे दे."

दुसऱ्याच दिवशी दौलतसिंह आला. क्वार्टरांना कुलपं घालणारा जमादार. मिशा अशा, की डाव्या टोकावर चिमणी बसली तर उजवीकडचीला कळायचं नाही. घरच्या बाईच्या हातून किल्ली घेतल्याशिवाय कुलूप घालायचं नाही, हा सरकारी कायदा. कोपऱ्यावरच्या मंदाताईंनी त्याला पाहिलं की मोठ्याने खाकरायचं, असं आमचं ठरलेलं. मंदाताई अशा खाकरल्या की मुरारच्या छावणीत शिपाई उठून उभे राहिले असतील.

"बाबूजी की घरवाली?" त्याने विचारलं.

मी रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवलं. "शेतखान्यात आहेत."

गडी कानापर्यंत लाल! "अच्छा, अच्छा," म्हणत उलट्या पावली गेला.

मग हा चक्करच लागून गेला. तो सकाळी यायचा, शेतखान्यात. दुपारी यायचा, शेतखान्यात. एकदा जाता जाता म्हणाला, "बाईसाहब, इनको किसी वैदजी को दिखाओ." मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "दाखवलं. ते म्हणाले, बसू द्या." आत अनसूया रजईत तोंड कोंबून हसत होती. पोट असं हलत होतं की मला वाटलं, बाळ तिथेच टपकतं.

एक दिवस कडाक्याची थंडी. बोललेला शब्द ओठावर गोठावा, अशी. दाई आत, मी दारात सिगडी पेटवून राहिले होते. मंदाताई गरम पाणी घेऊन आत आलेल्या, म्हणजे खाकरायला बाहेर कोणीच नाही. मान वर केली तर समोर मिशा!

"शेतखान्यात..." मी म्हटलं, अन् आतून अनसूयेची किंकाळी. दौलतसिंह दचकला. मी म्हटलं, "फार त्रास आहे हो तिला." तेवढ्यात ट्यांहां, ट्यांहां!

माझ्या हातातला चिमटाच पडला. आता कुलूप. आता या ओल्या बाळंतिणीला घेऊन थंडीत रस्त्यावर बसायचं.

दौलतसिंहाने मिशीवरून हात फिरवला. "बाईसाहब," तो म्हणाला, "हमारे यहाँ के सेतखाने में तो बच्चा नहीं रोता." अन् सरळ दफ्तराकडे निघून गेला.

आता हा साहेबाला घेऊनच येणार, असं आम्ही धरून चाललो. मंदाताईंनी तर अनसूयेची भांडीकुंडी आपल्या घरात न्यायला सुरुवात केली. दिवेलागणीला तो परत आला. बरोबर साहेब नाही, शिपाई नाही. हातात फडक्यात बांधलेला डबा. सोंठीचे लाडू, त्याच्या बायकोने दिलेले.

"साहब ने पूछा था, क्वार्टर खाली हुआ?" तो खाली बघत म्हणाला. "हमने कह दिया, बहूजी सेतखाने में हैं."

"मग साहेब काय म्हणाले?"

"साहब क्या कहते? फाइल पलट दी."

फाल्गुनात श्रीपादला भोपाळला खोली मिळाली, तोवर साहेबाने त्या क्वार्टरचं नाव काढलं नाही. किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा दौलतसिंह बाळाला मिशी ओढू देत ओट्यावर बसून राहिला. कुलूप घालायला उठेचना.

ते बाळ म्हणजे तुमचा मधुकाका! त्याने हरिशंकरपुरमला घर बांधलंय, खोलीगणिक बाथरूम. मी म्हटलं, मधु, दारात एक खुंटी ठोक रे. त्याने खरंच ठोकली. अन् नको तो पाहुणा आला की त्याची बायको खुंटीवरचा तांब्या आत लपवते.