यंत्राच्या वाटणीचा भात

"तो फोन आधी उलटा ठेव," दिएप म्हणाली.

"आत्या, रेकॉर्डिंग चालू नाहीये," लाप म्हणाला.

"मग उलटा ठेवायला तुझं काय जातंय?"

लापने फोन उलटा ठेवला. दिएपने तरीही तो आपल्या बाजूला ओढून घेतला आणि त्यावर चष्म्याचा डबा ठेवला. व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या त्या कॉफीच्या दुकानात रविवारी सकाळी तिच्यासमोर न मागता नारळाची कॉफी आली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. सहासष्ट वर्षांच्या निवृत्त बाईला कोण उगाच बोलावून कॉफी पाजतं?

बोलावणारी दोघं होती. त्राम दातांची डॉक्टर, आणि लाप शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर. दोघंही पंचेचाळिशीतली, नातं नसताना तिला मानाने आत्या म्हणणारी. लहानपणी दोघांनी 'दूरचे दिवे' ही पूर्व युरोपातून आलेली अवकाशयानाची मालिका गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर पाहिलेली. वीज गेली की कुणीतरी ट्रकची बॅटरी आणून जोडायचं. आणि त्या मालिकेतला कप्तान, त्याची बायको, शत्रू, लहान मूल, आरेक नावाचं यंत्र, सगळ्यांचा आवाज एकच होता, दिएपचा. टीव्ही केंद्रात मूळ आवाज बारीक करायचे आणि भाषांतराचा कागद दिएप एकटी वाचायची. तेही थेट. चुकलं तर चुकलं.

आता त्याच मालिकेवर नवा, मोठ्या खर्चाचा सिनेमा आला होता आणि जुन्या चाहत्यांमध्ये जुंपली होती.

"सत्यानाश केलाय, आत्या!" त्राम टेबलावर हात आपटत म्हणाली. "आरेक यानाबाहेर राहतो, दार लावून घेतो, सगळ्यांना वाचवतो, आणि जाताना एक अक्षर बोलत नाही! जुन्या मालिकेत म्हणाला होता, 'माझ्या वाटणीचा भात झाकून ठेवा.' ज्याला पोट नाही तो हे म्हणतो! अख्खी मालिका त्या वाक्यात होती. नेमकं तेच काढलं मेल्यांनी."

"काढलं, की नव्हतंच?" लाप म्हणाला.

"झालं याचं सुरू."

"आत्या, ऐका. जुन्या मालिकेची स्वच्छ केलेली प्रत मला मिळालीये. तिच्याखाली आपल्या भाषेतल्या ओळी मी लिहितोय. बाकी सगळं जुळलं, हे वाक्य नाही जुळत. तिथे अकरा सेकंद नुसती शांतता आहे. म्हणून विचारतो, ते कागदावर होतं का? होतं म्हणालात तर ठेवतो. नसेल तर पुसतो."

म्हणजे कॉफी यासाठी होती.

"होतं," दिएप म्हणाली.

हे उत्तर तिला नवं नव्हतं. त्या वेळी केंद्राच्या साहेबांनीही तिला खोलीत बोलावलं होतं. "कॉम्रेड दिएप, यंत्र भात खातं का?" कागदावर होतं, ती म्हणाली होती. कागद कुठे आहे? चूल पेटवायला घेतला. साहेबांनी तिला जायला सांगितलं.

चूल पेटवली होती हे खरं. पण कागदावर त्या जागी काहीच नव्हतं.

ते वाक्य खोआचं होतं. खोआ तिचा नवरा, मालवाहू बोटीवर इंजिनाचं काम करायचा. एका पहाटे चपलेत पाय घालता घालता, मागे वळूनही न बघता तो म्हणाला, "माझ्या वाटणीचा भात झाकून ठेव." घरोघरी रोज म्हटलं जाणारं वाक्य. बोट बेपत्ता होऊन एकोणीस दिवस झाले होते, त्या संध्याकाळी दिएप माईकसमोर बसली. कागदावरची जागा कोरी होती. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना. तिने काही ठरवलं नव्हतं. वाक्य तोंडातून निघून गेलं.

खोआ मिळाला नाही. ना देह, ना थडगं. पण प्रसारणाच्या दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं खेळात मरायची आणि मरताना खोआचं वाक्य म्हणायची. दिएप खिडकीत उभी राहून ऐकायची. लोकांत खोआ उरला होता तो एवढाच, आणि तो या पदार्थविज्ञानाच्या मास्तरला खोडू द्यायचा नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

"भाषांतर कोणी केलं होतं?" लापने विचारलं.

"वारला तो."

"सोयीचं झालं."

"लाप! आत्यांशी बोलतोयस," त्राम ओरडली.

दिएप चिडली नाही. तिने चष्मा चढवला. "दाखव तो प्रसंग. मी कधी पाहिलेलाच नाही."

लापने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. आधी जुना प्रसंग लागला. आरेकने बाहेरून दार लावलं. गोल खिडकीतून आत पाहिलं. आत टेबलाभोवती माणसं उभी होती. त्याने हात उचलला, अर्ध्यावर थांबवला, खाली घेतला. संगीत नाही, काही नाही. मग तो वळला. नव्या सिनेमात यंत्र चकचकीत होतं, खिडकी मोठी होती, पण हात तसाच अर्ध्यावर थांबला. दिएपने जुन्या सवयीने मनातल्या मनात सेकंद मोजले. दोन्हीकडे अकरा.

तिला एकदम लाज वाटली. कुणीतरी आपल्या माणसाच्या निरोपासाठी एवढी शांतता राखून ठेवली होती, आणि त्यात ती आपलं दुःख घेऊन शिरली होती.

"त्यांनी काही काढलेलं नाही," ती म्हणाली. "नव्या लोकांनी जुन्याचा मान राखलाय. मी नव्हता राखला."

"म्हणजे?" त्रामने विचारलं.

"ते वाक्य कागदावर नव्हतं. माझ्या घरचं होतं."

मग तिने खोआ, चप्पल, एकोणीस दिवस, सगळं सांगितलं, बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात. हा आवाज दोघांच्याही ओळखीचा होता.

त्राम रुमाल शोधू लागली. "मग आमचा आरेक काय म्हणाला, आत्या?"

"काही नाही म्हणाला, बाळ."

दिएपने लापकडे पाहिलं. जिंकल्याचं हसू आता त्याच्या तोंडावर येणार, अशी तिची खात्री होती. तो हसला नाही.

"मग ती जागा मोकळी ठेवावी लागेल," तो खाली बघत म्हणाला.

"ठेव मोकळी."

त्याने ओळ पुसली. बरोबर झालं का ते बघायला प्रसंग पुन्हा लावला. आरेकने दार लावलं. हात उचलला. पडद्याच्या खालच्या बाजूला एकही अक्षर नव्हतं. दिएपने संशयाने मास्तरकडे पाहिलं. त्याचं लक्ष पडद्यावर होतं, आणि त्याचे ओठ आवाज न करता भाताचं वाक्य म्हणत होते.

तिने चष्म्याचा डबा उचलला आणि फोन त्याच्याकडे सरकवला.